अकरा वाजलेलं घड्याळ आणि दगडी बुंधा

न्यू ऑर्लिन्सच्या ग्रीनवुड दफनभूमीत गवताळ उंचवट्यावर सांबरासारखा, ब्राँझचा भलाथोरला एल्क उभा आहे. खाली दर्शनी भागावर घड्याळ, काटे अकरावर. मृत्यूची वेळ असावी, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. पण हे थडगं कुणा एकाचं नाहीच. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या एल्क्स संघटनेच्या सभासदांची ही सामाईक जागा आहे. रात्री अकराला दिवंगत आणि दूर असलेल्या बांधवांची आठवण काढायची, हा त्यांचा रिवाज.

अमेरिकेतल्या जुन्या थडग्यांवरच्या अशा खुणांना काळ्या विद्येशी किंवा गुप्त कारस्थानांशी जोडलं जातं, हा अशा संघटनांच्या सभासदांवर अन्याय आहे. दीक्षाविधी गुप्त असत, हे खरं. पण कमावता माणूस गेल्यावर त्याची विधवा आणि पोरं उघड्यावर पडू नयेत, ही मोठी चिंता होती. त्यासाठी सभासद वर्गणी भरत. १८१९ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेल्या ऑड फेलोज या संघटनेची खूण म्हणजे साखळीच्या तीन कड्या: मैत्री, प्रेम, सत्य. कड्यांतली इंग्रजी आद्याक्षरं त्यांचीच, मृताच्या नावाची नव्हेत. अशीच आणखी एक संघटना फ्रीमेसन्सची; त्यांचा हॉल मुंबईच्या फोर्टमध्येही आहे. त्या मंडळींचा गुण्या आणि कंपास थडग्यावर दिसला, म्हणजे आत गवंडी (मेसन) पुरलाय असं नाही.

उलटा पंचकोनी तारा दिसला की सैतानपूजेची शंका येते. ‘ईस्टर्न स्टार’ या संघटनेचा तारा असेल, तर त्याची पाच टोकं रूथ, एस्तेर, मार्था अशा पाच आदर्श स्त्रियांची. त्यात मेसन मंडळींच्या घरच्या बायका सभासद होत. चंद्रकोर आणि वाकडी तलवार श्राइनर्स या संघटनेची. सभासद होण्यासाठी आधी मेसन असावं लागे, मुसलमान नव्हे. याच श्राइनर्सनी १९२२ मध्ये श्रीव्हपोर्टला मुलांसाठी पहिलं रुग्णालय उघडलं.

मला सर्वांत भावतो तो दगडी बुंधा. साल, गाठी, छाटलेल्या फांद्या, सगळं हुबेहूब कोरलेलं. लोक समजतात, हा लाकूडतोड्याचा. खरं तर १८९० मध्ये ओमाहात जोसेफ रूट यांनी काढलेल्या ‘वुडमेन ऑफ द वर्ल्ड’ या विमा-बंधुसंघाची ही खूण, आणि सभासद निरनिराळ्या धंद्यांतले असत. सुरुवातीच्या विम्यातच थडग्याच्या दगडाची तरतूद होती.

मात्र प्रत्येक बुंधा त्यांचा नव्हे. अकाली तुटलेलं आयुष्य दाखवायला इतरही तो कोरून घेत. कुऱ्हाड, मोगरी, पाचर किंवा संघाचं नाव कोरलेलं आहे का, ते आधी पाहावं.