‘स्टारफील्ड’ नव्याने सुरू करताना

‘स्टारफील्ड’ हा बेथेस्डा गेम स्टुडिओजचा अवकाशातला रोल-प्लेइंग गेम ६ सप्टेंबर २०२३ रोजी आला. काळ सन २३३०. पृथ्वी उजाड झालेली, माणसं दूरच्या ताऱ्यांभोवती वसलेली आणि फिरायला हजारावर ग्रह. या हजाराच्या आकड्यामागे लागूनच नवा खेळाडू कंटाळतो. दिसेल त्या ग्रहावर उतरायचं, ओसाड माळ तुडवायचा, तशीच ठाणी पुन्हा पुन्हा बघायची, आणि आठवडाभरात गेम मशीनवरून काढून टाकायचा. हे टाळता येतं. या खेळाचा जीव त्याच्या चार-पाच शहरांत आणि तिथल्या माणसांत आहे. खालच्या सूचना त्याच बेताने दिल्या आहेत.

आधी मशीन

पीसीवर खेळणार असाल तर तीन गोष्टी तपासा: १२५ जीबी मोकळी जागा, १६ जीबी रॅम आणि एसएसडी. ग्राफिक कार्ड किमान जीटीएक्स १०७० टीआय किंवा आरएक्स ५७०० यांच्या तोडीचं हवं. एसएसडी ही अट कंपनीनेच घातलेली आहे. जुन्या हार्ड डिस्कवर गेम अडखळतो आणि संवाद ओठांशी जुळत नाहीत. त्यामुळे हातात पैसे बेताचे असतील तर आधी एसएसडी घ्या, कार्डाचं नंतर बघू.

हे सुटे भाग घ्यायला मुंबईत गिरगाव, परळ, लालबागच्या मंडळींना लॅमिंग्टन रोड सोयीचा आहे. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलं तरी विचारताना सगळे जुनंच नाव घेतात. तिथे दोन-चार दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकानदार, हे बिलावर लिहून घ्या. वापरलेलं कार्ड घेत असाल तर ते दुकानातच मशीनला लावून निदान अर्धा तास गेम चालवून बघा. पंखा चालू झाल्यावरचा आवाज आणि तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. मशीनवर खरा ताण शहरांत येतो, म्हणून पहिल्या बैठकीत रेंगाळू नका, न्यू अटलांटिस गाठा आणि गेम कसा चालतो ते तिथे पाहा. गेममध्ये मराठी किंवा हिंदी नाही. घाईत बोललेलं इंग्रजी निसटतं, तेव्हा सबटायटल्स पहिल्याच मिनिटाला सुरू करा.

न्यू अटलांटिसपर्यंत सरळ जा

सुरुवात वेक्टेरा नावाच्या उपग्रहावरच्या खाणीत होते. तिथून ‘फ्रंटियर’ हे जहाज आणि वास्को हा यंत्रमानव तुमच्याकडे येतो, वाटेत क्रीटवर समुद्री चाच्यांसारख्या अवकाशी लुटारूंशी पहिली मोठी चकमक होते आणि मग जेमिसन ग्रहावरचं न्यू अटलांटिस. इथवर इकडेतिकडे वळू नका.

जेमिसन ज्या ताऱ्याभोवती आहे तो अल्फा सेंटॉरी खराखुरा आहे. आपल्यापासून साधारण ४.३ प्रकाशवर्षं दूर. मे महिन्यात रात्री दहाच्या पुढे, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर तो मुंबईतूनही अगदी खाली दिसतो. खेळात तिथे एका उडीत पोचता, पण गच्चीवरून एकदा तो तारा पाहून ठेवा. खेळाला वेगळीच खोली येते.

शहरात ‘लॉज’ ही कॉन्स्टेलेशन या शोधक मंडळाची वास्तू आहे. तिथे तुम्हाला स्वतःची खोली मिळते. मुख्य कथा ‘इनटू द अननोन’ हे मिशन होईपर्यंत पुढे न्या. त्यात पहिली अद्भुत शक्ती हाती येते. मग कथा खुशाल बाजूला ठेवा.

ओझं

नव्या खेळाडूची सगळ्यात मोठी चूक हीच. तो प्रत्येक टेबलावरचा कप, फाइल, टेपची रिळं उचलतो आणि पहिल्या तासातच गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यासारखा सामानाखाली वाकतो. तुमची सुरुवातीची क्षमता १३५ किलोची. त्यापुढे गेलात की चालतानाही ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तब्येत ढासळायला लागते.

उचलायचं ते एवढंच: गोळ्या, मेड पॅक, कुलपं उघडायच्या डिजिपिक, आणि किमतीच्या मानाने हलक्या वस्तू. शत्रूचे अवकाशपोशाख जड असतात आणि विकून फारसं काही मिळत नाही, ते तिथेच राहू द्या. थोडा भार सोबत्याकडे द्या, बाकी जहाजाच्या कोठारात. लोखंड, ॲल्युमिनियम यांसारखी खनिजं पुढे बंदुका आणि पोशाख सुधारायला लागतात, पण ती अंगावर बाळगायची गरज नाही. लॉजमधल्या तुमच्या खोलीतल्या तिजोरीला आणि तळघरातल्या पेटीला वजनाची मर्यादाच नाही. सुधारणेची टेबलंही त्याच तळघरात आहेत, म्हणून साठा तिथेच करा.

कौशल्यं

एकूण ८२ कौशल्यं आहेत आणि दर लेव्हलला एकच गुण मिळतो. वरची पायरी चढायला नुसता गुण पुरत नाही, नेमून दिलेलं आव्हानही पुरं करावं लागतं. पाठीवरचा बूस्ट पॅक उडवायला त्याचं कौशल्य घ्यावंच लागतं. पहिला गुण तिथे खर्च करा. मग कुलपांसाठी ‘सिक्युरिटी’, आणि बोलून वाद मिटवायचे असतील तर ‘पर्सुएशन’. बंदुकींपैकी एकच जात निवडा आणि तिच्यावरच गुण लावा.

जहाजाची लढाई

इथे बरेच जण हात टेकतात. कारण बहुधा एकच: वीज कुठे द्यायची ते ठरवलेलं नसतं. जहाजाची शक्ती मर्यादित असते आणि ती शस्त्रं, इंजिन, ढाल आणि ताऱ्यांमध्ये उडी मारायचं यंत्र यांत तुम्हीच वाटायची असते. लढाईत तारकाउडीच्या यंत्राची वीज काढून ढालीला द्या. लेझर शत्रूची ढाल उतरवतं, गोळ्यांच्या तोफा त्याचं कवच फोडतात, म्हणून क्रमाने वापरा. वेग मध्यावर ठेवलात की जहाज सर्वांत चपळ वळतं. पूर्ण वेगात पळणाऱ्याला वळता येत नाही आणि तो मार खातो. दुरुस्तीचे सुटे भाग नेहमी जवळ असू द्या.

दुकानदाराचे पैसे संपले तर

दुकानदाराकडे रोकड मर्यादित असते. खेळाच्या प्रमाणवेळेचे ४८ तास गेले की ती पुन्हा भरते. तेवढा वेळ झटपट काढायचा तर शुक्रावर जा. तिथे एक तास थांबलात तर इतर ठिकाणचे सुमारे शंभर तास उलटतात, कारण शुक्र स्वतःभोवती फार संथ फिरतो, आणि खेळाने हे खगोलशास्त्र इमानदारीने पाळलं आहे. मे २०२४च्या अपडेटनंतर दुकानदारांची रोकड आणि तुमची वजन उचलायची क्षमता सेटिंग्जमध्येही बदलता येते. नव्याने खेळणाऱ्याने ही सोय बिनदिक्कत वापरावी. त्याच अपडेटमध्ये ग्रहांचे नीट नकाशे आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रेव्ह-८ ही गाडी. ती जहाज दुरुस्त करणाऱ्याकडून घ्या, पायपीट वाचते.

कोणाच्या कथा आधी

न्यू अटलांटिसमधल्या मास्ट इमारतीत युनायटेड कॉलनीज या सत्तेच्या व्हॅनगार्ड दलात भरती होता येतं. माझ्या मते ही खेळातली सर्वोत्तम कथा. शिवाय भरतीच्या आधी एका दालनातून फिरत या जगाचा इतिहास ऐकायला मिळतो. तो ऐकल्यावर कोणाचं कोणाशी युद्ध झालं होतं हे उमगतं आणि पुढचे सगळे संवाद कळायला लागतात. तिथल्या उड्डाणाच्या चाचणीत पाडलेली जहाजं पायलटिंगच्या आव्हानात मोजली जातात, म्हणजे सरावही होतो आणि कौशल्यही वाढतं. त्यानंतर अकिला शहरातले फ्रीस्टार रेंजर्स, निऑन शहरातली र्युजिन कंपनी आणि क्रिमसन फ्लीट हे अवकाशी लुटारू.

या चारही कथा मुख्य कथेचा शेवट करण्याआधी पुऱ्या करा. शेवटी खेळ नव्याने सुरू करायचा पर्याय मिळतो आणि तो घेतला की जहाज, पैसे, घरं, वस्तू सगळं मागे राहतं. बरोबर येतात ती मुख्यतः तुमची लेव्हल, कौशल्यं आणि शक्ती. त्या निर्णयाच्या आधी एक वेगळा सेव्ह ठेवा.