साथीची सूचना कोणत्या भाषेत?

2020 साली कोरोना आला तेव्हा बेळगाव शहराला इस्पितळे तरी होती. खानापूरच्या जंगलपट्ट्याला आधार आशाताईंचाच. डोंगराळ भागात 3 हजार वस्तीमागे उपकेंद्र, 20 हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम. पन्नास उंबऱ्यांची वाडी त्यात बसायची कुठे? त्यातून विलगीकरणाचे पत्रक आले ते केवळ कन्नडमध्ये! आमच्या मराठी शाळेत कन्नड शिकणाऱ्या पोरांनीच ते आजी-आजोबांना उलगडून सांगितले. कन्नडशी आमचे वैर नाही. पण अल्पसंख्य भाषिक किमान 15 टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राच्या 1956 च्या निवेदनातच आहे. आजाराच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना ती कोणती? निदान उपकेंद्राच्या फलकावर तरी मराठी हवी.