मिरचीची रोपं ट्रेमध्येच माना टाकतात? पंप पाठीवर घेण्याआधी बुंधा बघा

संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज पट्ट्यात मिरचीचं तरू आता वाफ्याइतकंच ट्रेमध्येही दिसतं. घरामागे छोटं शेडनेट, कोकोपीटची पोती, 104 कप्प्यांचे ट्रे आणि संकरित बियाण्याची महागडी पाकिटं. वाफ्यात चार रोपं मेली तर कोणी मोजत नव्हतं. ट्रेमध्ये एकेक कप्पा रिकामा दिसतो आणि पोटात गोळा येतो.

हिशोब सरळ आहे. 4 बाय 2 फुटांवर लावण केली तर एकराला साधारण 5,400 रोपं, म्हणजे 52-53 ट्रे लागतात. त्यातला पाचवा हिस्सा बसला तर हजारभर रोपं कमी पडली. रोपाच्या किमतीचं नुकसान त्यामानाने थोडं. खरं नुकसान वेळेचं. नांग्या भरायला नवीन तरू टाकलं तर ते तयार व्हायला 35 ते 40 दिवस जातात. तोवर शेजारची सरी फुलावर आलेली असते.

अशा वेळी शेतकरी थेट औषध दुकान गाठतो. ‘रोपं मरायलीत, काहीतरी द्या’ म्हटलं की एक कीडनाशक आणि एक बुरशीनाशक पिशवीत पडतं. पण ट्रेमधली बरीचशी मर किडीने होत नाही, पाण्याने होते.

उगवून आठ-दहा दिवस झालेलं रोप संध्याकाळी ताठ असतं आणि सकाळी आडवं. ते उपटून बघावं. कोकोपीटलगतची कंबर पाणचट होऊन दोऱ्यासारखी बारीक झाली असेल तर ती मर, म्हणजे रोपांची कोलमड. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी ओलीत वाढतात आणि एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात जातात. म्हणून ट्रेमध्ये आधी एक ठिगळ पडतं, मग ते पसरत जातं. संध्याकाळी भरपूर पाणी देऊन नेट बंद करणं, ट्रे थेट जमिनीवर ठेवणं, जुना ट्रे न धुता वापरणं ही तिची नेहमीची कारणं.

उपायही तिथूनच सुरू होतो. ट्रे विटांवर किंवा बांबूच्या मांडवावर घ्यायचे, म्हणजे खालची भोकं मोकळी राहतात. पाणी सकाळी द्यायचं आणि तेही ट्रे उचलून बघून. ट्रे हलका लागला तर पाणी, जड लागला तर नाही. वरून कोकोपीट कोरडं दिसतं म्हणून फसू नये, आत ते चिंब असतं. मेलेलं रोप कप्प्यातल्या कोकोपीटसकट काढून लांब टाकावं. उरलेल्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 3 ग्रॅम घेऊन आळवणी करता येते. ट्रायकोडर्मा वापरायचं तर ते भरणीच्या वेळी कोकोपीटमध्ये मिसळावं. त्याच आठवड्यात तांब्याची आळवणी केली तर ट्रायकोडर्माही मरतं आणि पैसे दोनदा जातात.

पाणी घालताना ट्रेवरून बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही ओलीचीच खूण. चिलट स्वतः रोप खात नाही, पण कोकोपीटमधली तिची पांढुरकी, काळ्या डोक्याची अळी कोवळी मुळं खाते. खात्री करायची तर बटाट्याची एक चकती कोकोपीटवर दाबून ठेवावी आणि दोन दिवसांनी उलटून बघावी. अळ्या असतील तर खालच्या बाजूला चिकटलेल्या दिसतात. वरचा थर सुकू दिला आणि पिवळे चिकट सापळे लावले की त्यांचा जोर ओसरतो.

पिवळेपणाचं मात्र वेगळं आहे. खालची पानं आधी पिवळी पडली तर बहुतेक नत्र कमी. कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे खरी पानं आली की 19:19:19 लिटरला 1-2 ग्रॅम देत राहावं लागतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाही, असं समजावं. बोअरचं पाणी जड असलं की असं होतं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या दिसल्या तर संशय कोकोपीटवर घ्यावा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते दोन-तीनदा पाण्याने निथळून घ्यायला हवं.

आता किडीकडे. पान मुरडलं की आपल्याकडे सरसकट ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात आणि सगळ्याला एकच औषध मारतात. पण मुरडीत फरक आहे. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळून पालथी होडी झाली आणि देठ लांबला तर कोळी. पान बारीक, शिरा जाड, शेंड्याला गुच्छ आणि ट्रेवर पांढरी माशी असेल तर विषाणू. कोळी हा कीटकच नव्हे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक किंवा कोळीनाशक लागतं. गंधक कडक उन्हात मारलं तर कोवळी पानं भाजतात. विषाणू लागलेल्या रोपाला औषधच नाही, ते उपटायचं.

फुलकिड्यांचा धडा ताजा आहे. 2021 मध्ये आंध्र-तेलंगणात मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पिनस ही बाहेरून आलेली जात तुटून पडली आणि उभे प्लॉट गेले. ट्रेमध्ये फुलकिडे आहेत का हे बघायला पांढऱ्या कागदावर शेंडा हलकेच झटकावा. रेघेएवढे जीव पळताना दिसतात. निळे सापळे लावावेत. साध्या शेडनेटमधून ही कीड सहज आत येते, बाजूने 40 ते 50 मेशची जाळी लागते. जाळी असूनही दार दिवसभर उघडं ठेवलं जातं, तो भाग निराळा.

इतकं बघूनही उलगडा झाला नाही तर रोप मुळासकट, कोकोपीटसह पिशवीत घालून रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्प, तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावं. नुसता पानाचा फोटो नेला तर मुळाची गोष्ट राहून जाते. औषध घेताना माहितीपत्रक कन्नडमध्ये आहे म्हणून अडू नये. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग सगळ्या राज्यांत एकच अर्थ सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

तयार रोपं विकत घेणाऱ्यांनी ट्रेमधून दोन-चार रोपं उपसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुळं पांढरी असावीत, तपकिरी नकोत. पान उलटून बघावं. बिलावर वाण, लॉट नंबर आणि तारीख लिहून घ्यावी. गाडी भरायची घाई असते, रोपवाटिकेवाल्याला दुसरं गिऱ्हाईक असतं, तरी ही पाच मिनिटं काढावीत. रोपं एकदा टेम्पोत चढली की ‘वाटेत वारं लागलं असेल’ हे उत्तर ठरलेलं आहे.