मूलाधार आणि पोटातला गोळा

गेल्या वर्षी प्रश्नपत्रिका हातात पडली आणि पोटात गोळा आला, पायाखालची जमीन सरकली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांनी दोन शेळ्या विकून फी भरलेली. नापास झालो तर घरी कोणत्या तोंडाने जाऊ?

योगशास्त्रात कण्याच्या तळाशी मूलाधार चक्र मानले आहे. सोळाव्या शतकात पूर्णानंदांनी रचलेल्या ‘षट्चक्रनिरूपणा’त त्याच्या ४ पाकळ्या, पृथ्वी हे तत्त्व व ‘लं’ हे बीज वर्णिले आहे. भीतीशी त्याची सांगड मात्र अलीकडच्या लेखकांनी घातली : आधार डळमळला की भय उपजते. शवविच्छेदनात हे चक्र सापडत नाही. ते ध्यानाचे स्थान आहे.

शरीरशास्त्राची वाट निराळी. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, भय वाटताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनालिन रक्तात उतरते. छाती धडधडते, पचन मंदावते, स्नायू आवळतात, कण्याच्या तळाजवळचेसुद्धा. म्हणजे पोटातला गोळा हा भित्रेपणा नव्हे. लढण्याची वा पळण्याची ती तयारी. पण परीक्षेच्या बाकावर ना लढता येते, ना पळता!

मित्रांनो, यंदा मी दोन्ही तळपाय फरशीवर घट्ट टेकवले आणि श्वास सावकाश सोडत राहिलो. धास्ती गेली नाही. पण हाताची थरथर थांबली आणि पहिले उत्तर लिहून झाले. जमीन जागेवरच होती.