‘सुंदर’ लिहिण्याआधी कप्पे मोजा

शिल्पकलेवर संशोधन करायचंय? मग आधी माझी फजिती ऐका. उजनीचं पाणी खूप खाली गेलं की इंदापूर तालुक्यातलं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं. बारामतीहून भिगवणमार्गे पळसदेवला गेलो, दिवसभर फिरलो, वहीत लिहिलं: ‘अत्यंत सुंदर, भव्य’. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “तिथल्या वीरगळावर कप्पे किती?” आठवेना. फोटो होते, पण शिखराचे (आणि माझे). पुन्हा निघेपर्यंत पाणी चढलं.

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड. तो खालून वर वाचायचा. तळाशी बहुधा मरून पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खाली गाई कोरलेल्या असतील तर तो गुरं राखताना गेला असं मानतात. शिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

एर्विन पॅनॉफ्स्कीने १९३९ मध्ये अशा वाचनाच्या तीन पायऱ्या मांडल्या: काय दिसतं, ते कशाचं चित्रण आहे, आणि त्यातून त्या काळाबद्दल काय कळतं. आपण पहिली गाळून थेट तिसरीवर उडी मारतो. ‘मध्ययुगीन समाजातील शौर्य’ लिहायला काय, घरी बसूनही जमतं!

तुम्ही दहा मिनिटं फोन खिशात ठेवा आणि पेन्सिलीने रेखाटन करा. वेडंवाकडं चालेल. पाणी उतरेपर्यंत मी आमच्या मारुतीच्या पाराजवळचा वीरगळ काढतोय. लहानपणापासून ज्याला नुसता टवका समजत होतो, ती गाय निघाली.