सुळ्याच्या रुंदीत दडलेली ओळख

जळालेल्या किंवा कुजलेल्या मृतदेहाची ओळख पटवताना पहिला प्रश्न असतो, स्त्री की पुरुष? याचे उत्तर मिळाले की बेपत्ता माणसांची यादी जवळपास निम्मी होते. कमरेची हाडे शाबूत असतील तर त्यांच्यावरच भरवसा ठेवावा. पण हाती नुसता जबडा आला असेल, तर दातांकडे वळावे लागते.

सुळाच का?

सगळ्या दातांत स्त्री-पुरुषांमधला फरक सुळ्यात, त्यातही खालच्या सुळ्यात, सर्वाधिक दिसतो. तो किडतो कमी, टिकतो जास्त. लहान मुलांच्या बाबतीत त्याचे मोल आणखी वाढते. कमरेच्या हाडांतले फरक वयात आल्यावर ठळक होतात. कायमच्या सुळ्याचा वरचा भाग मात्र सहा-सात वर्षांच्या सुमारास हिरडीखाली तयार झालेला असतो. पुढे त्याची रुंदी वाढत नाही.

मोजमाप

व्हर्नियर कॅलिपरने सुळ्याची शेजारच्या दातांच्या दिशेने असलेली रुंदी मोजतात. पुरुषांत ती सरासरी 7 मिलिमीटरच्या आसपास, स्त्रियांत साधारण अर्धा मिलिमीटर कमी. दात झिजला असेल किंवा मोजणाऱ्याचा हात किंचित हलला, तर हा फरक सहज पुसला जातो.

गुणोत्तराचा मोह

सुळ्याच्या रुंदीला खालच्या दोन सुळ्यांमधल्या अंतराने भागायचे, ही सोपी पद्धत 1989 साली भारतीय अभ्यासकांनी मांडली आणि सुमारे 85 टक्के यश नोंदवले. नंतरच्या अनेक अभ्यासांत ते बरेच घसरले. कारण गणितातच आहे. समजा, एकाचा सुळा 7 आणि अंतर 28 मिलिमीटर; दुसरीचा सुळा 6.5 आणि अंतर 26. दोन्ही भागाकार 0.25! दोन्ही मापे एकत्रच लहान-मोठी होत असतील, तर भागाकारात फरक उरत नाही. म्हणून मला थेट मापे, तीही अनेक दातांची मिळून, अधिक विश्वासार्ह वाटतात. शिवाय दातांचा आकार समाजागणिक बदलतो. एका लोकसमूहाची सरासरी दुसऱ्याला लावली तर अंदाज चुकतो.

माप अपुरे पडते तेव्हा

दाताच्या कठीण आवरणातील अमेलोजेनिन या प्रथिनाची एक्स आणि वाय गुणसूत्रांवरील रूपे थोडी वेगळी असतात. वाय रूपाचे अंश सापडले, तर ती व्यक्ती जैविकदृष्ट्या पुरुष. इटलीतील मोडेना येथे 2009 साली हातात हात घातलेले दोन प्राचीन सांगाडे सापडले. हाडांची अवस्था वाईट, डीएनएही टिकलेला नव्हता. तरी ‘मोडेनाचे प्रेमिक’ म्हणून लोकांनी त्यांना स्त्री-पुरुष ठरवून टाकले. 2019 साली दातांची तपासणी झाली, तेव्हा दोघेही पुरुष निघाले.