चिलर मालकाचा, बिल भाडेकरूचं

अंधेरीतल्या ज्या ऑफिस इमारतीची देखभाल मी बघतो, तिथले करार 60 महिन्यांचे आणि एसीसाठी पाणी थंड करणारा चिलर वीस-वीस वर्षं चालणारा. जुना चिलर वीज खातो हे मालकालाही कळतं. पण बिल भाडेकरू भरतो, मग मालक खिशात हात कशाला घालेल? आणि लॉक-इनची मुदत संपली की जागा सोडणारा भाडेकरू दुसऱ्याच्या मशीनवर खर्च का करेल?

मी डहाणू तालुक्यातल्या कैनाडचा. डहाणूच्या खाडीकाठचं 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र नव्वदच्या दशकापासून मुंबईच्या उपनगरांसाठी कोळसा जाळतंय. आमचा तालुका 1991 मध्येच केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. रिकाम्या मीटिंग रूममध्ये एसी चालू दिसला की मला त्या कोळशाचाच हिशेब आठवतो. म्हणूनच लिव्ह अँड लायसन्स कराराच्या मसुद्यावर मी हल्ली अडून बसतो.

न्यूयॉर्कच्या महापौर कार्यालयाने 2011 मध्ये मालक-भाडेकरूच्या या पेचावर करारासाठी एक नमुना कलम पुढे आणलं. ते मला फार पटतं. समजा, मालकाने 40 लाखांचा नवा चिलर बसवला आणि इंजिनिअरच्या हिशेबाने वर्षाला 10 लाखांचं बिल वाचणार आहे. भाडेकरूने त्यातले 80 टक्के, म्हणजे 8 लाख, दरवर्षी मालकाला द्यायचे. पाच वर्षांत, म्हणजे आपल्या 60 महिन्यांतच, खर्च फिटतो. उरलेले 2 लाख भाडेकरूचे. अंदाज थोडा चुकला तरी त्याला पदरचे घालावे लागत नाहीत. तो मध्येच गेला, तर उरलेले हप्ते पुढच्या भाडेकरूच्या करारात घालायचे.

अर्थात, मीटर नसेल तर हे सगळं कागदावरच राहतं. आपल्याकडे एसीचे पैसे बऱ्याच ठिकाणी चौरस फुटावर घेतात. मग रात्री नऊपर्यंत एसी चालवणारा आणि सहाला बंद करणारा, दोघांना आकार सारखाच! म्हणून प्रत्येक ऑफिसच्या थंड पाण्याच्या पाइपवर वापरलेला गारवा मोजणारा बीटीयू मीटर हवा, त्याचं रीडिंग दर महिन्याला दोघांनाही मिळायला हवं आणि ‘जागा आहे तशी स्वीकारली’ या जुन्या ओळीच्या जागी जागा सोपवतानाच्या रीडिंगची नोंद हवी. कराराचं रजिस्ट्रेशन तर होतंच. त्याच कागदाला हे एक परिशिष्ट जोडायचं.